3.7 चे पेढे

ताई,

मी सांगलीची. मेकॅनिकल करून गेल्या ऑक्टोबरात मास्टर्ससाठी जर्मनीत आले. शिकवणं इंग्रजीत आहे, वर्गात दहा-बारा देशांची मुलं आहेत. बाबा मार्केट यार्डात हळदीच्या पेढीवर दिवाणजी आहेत. कर्ज काढलं, आजीच्या पाटल्या मोडल्या, तेव्हा कुठे ब्लॉक्ड अकाउंटचे, म्हणजे व्हिसासाठी वर्षाच्या खर्चाचे आधीच भरून ठेवायचे, 11,904 युरो भरले गेले.

इथे मी वर्गात तोंडच उघडत नाही. इंग्रजी येतं, पण प्रश्न विचारायची वेळ आली की घसा कोरडा पडतो. प्रोजेक्टला आम्ही पाच जण होतो. मला सिम्युलेशनचा भाग दिला, ‘जमेल ना?’ म्हणाले, मी हो म्हटलं. ते सॉफ्टवेअर मला येत नव्हतं. दोन आठवड्यांनी त्यांनी माझा भाग काढून दुसऱ्याला दिला. ‘आधी सांगायचंस ना,’ एवढंच बोलले. सुरुवातीला एकदा मला कॉफीला चल म्हणाले होते, मी संकोचाने नको म्हटलं, त्यानंतर कुणी विचारलं नाही. आपसात जर्मन बोलत बसतात. सेमिनारमध्ये प्रोफेसरांनी मला मध्येच थांबवलं आणि ‘या आकृतीतून मला काहीच कळत नाही’ असं सगळ्यांसमोर सांगितलं. शेवटी मुलांनी बाकांवर टकटक केली. सरांच्या लेक्चरनंतर करतात ते पाहिलं होतं, पण त्या दिवशी ती टकटक मला हेटाळणीसारखी वाटली. बाथरूममध्ये जाऊन रडले. गेल्या महिन्यात ट्राममध्ये एका माणसाने ‘परत जा तुमच्या देशात’ म्हणून आरडाओरडा केला. आजूबाजूला कुणी हूं की चूं केलं नाही.

आणि आता जे सांगायला लाज वाटते ते. पहिल्या सेमिस्टरला तीन पेपर दिले. एकात 2.7, एकात 3.7, एकात 5.0. इथे 1.0 सगळ्यात वरचा आणि 5.0 म्हणजे नापास. घरी मी फक्त 3.7 सांगितले. आमच्या गल्लीतल्या एकाला अमेरिकेत चारपैकी 3.6 पडतात, तो हुशार म्हणून प्रसिद्ध आहे. बाबांना वाटलं मी त्याच्याही पुढे गेले. त्यांनी गल्लीत पेढे वाटले. मला व्हिडिओवर बॉक्स दाखवला. मी गप्प बसले. तेव्हापासून मी घरी धड बोललेले नाही, ‘अभ्यास आहे’ म्हणून फोन ठेवते.

आमच्या मजल्यावर आम्ही चौघी मराठी मुली आहोत, त्यांच्यामुळे दिवस निघतात. चूक माझी आहे की इथली माणसंच अशी आहेत? परत येऊ का? आणि बाबांना काय सांगू?

– सांगलीची

*

अगं, आधी ती टकटक.

ती दाद होती. जर्मनीत विद्यापीठाच्या वर्गात टाळ्या वाजवत नाहीत, मुठीने बाक वाजवतात. सरांसाठी वाजवतात तसंच तुझ्यासाठी वाजवलं. तू ज्या आवाजाने बाथरूममध्ये जाऊन रडलीस, तो ‘छान झालं, बस खाली’ असं म्हणणारा आवाज होता. हे मी तुझी समजूत घालायला म्हणत नाही. मी स्वतः 1994 ते 1996 अशी दोन वर्षं श्टुटगार्टजवळ धातुशास्त्र शिकले, ती टकटक माझ्याही वाट्याला आली आहे. वाईट प्रेझेंटेशनची ते हेटाळणी करत नाहीत. फार तर बाक हळू वाजतात.

हे आधी सांगितलं, कारण तुझं पत्र तीनदा वाचल्यावर मला वाटलं की तुझी बरीचशी वेदना अशाच चुकीच्या वाचनातून आली आहे. तू त्यांना चुकीचं वाचलंस, त्यांनी तुला चुकीचं वाचलं. ‘चूक माझी की त्यांची’ या प्रश्नात मी फार अडकणार नाही. ट्राममधल्या माणसाचं मात्र वेगळं आहे, त्याच्याकडे येतेच.

तुझ्या पत्रातला सगळ्यात महत्त्वाचा शब्द ‘हो’ आहे. ‘जमेल ना?’ – ‘हो.’ आपल्याकडे या हो चे किती अर्थ होतात बघ. ऐकलं. तुमचा मान राखला. नाही म्हणून तुम्हाला दुखवायचं नाही. बघते, प्रयत्न करते. गावाकडे पाहुणा ‘येतो हं उद्या’ म्हणाला तर तो येईलच असं कुणी धरून चालत नाही, आणि नाही आला म्हणून कुणी रागावतही नाही. आपल्याला ऐकताच कळतं कुठला हो कसला आहे. तुझ्या गटातल्या चौघांना हो चा एकच अर्थ ठाऊक आहे: हे काम अमुक तारखेला तयार असेल. तू हो म्हणालीस त्या क्षणी त्यांनी तुझ्या नावापुढे तारीख लिहिली आणि तो विषय डोक्यातून काढून टाकला. तारीख आली, काम आलं नाही, आणि मधल्या दोन आठवड्यांत तू अवाक्षरही बोलली नाहीस. त्यांच्या लेखी काम न येणं हा दोष लहान होता. न सांगणं हा मोठा.

माझ्या बाबतीत हेच भट्टीवर झालं. आमचे मार्गदर्शक नमुने कसे तापवायचे ते भराभर सांगून गेले आणि दारातून वळून म्हणाले, ‘आलेस क्लार?’ म्हणजे, सगळं स्पष्ट आहे ना? मी मान डोलावली. तापमान किती वेगाने वाढवायचं तेच मला कळलं नव्हतं. तीन दिवस भट्टी चालली आणि सगळे नमुने वाया गेले. मला वाटलं आता ते ओरडतील. ते ओरडले नाहीत. शांतपणे म्हणाले, ‘तू विचारलं असतंस तर माझी पाच मिनिटं गेली असती. विचारलं नाहीस म्हणून प्रयोगशाळेचे तीन दिवस गेले.’ मी न विचारून त्यांचा वेळ वाचवत होते, त्यांचा मान राखत होते, असंच मला तोपर्यंत वाटत होतं.

आपल्याला लहानपणापासून शिकवलेलं असतं ना: मोठ्यांच्या मध्ये बोलू नये. वर्गात सारखा हात वर करणारा तो आगाऊ. सरांना शंका विचारली तर ‘इतका वेळ काय करत होतीस’ हे ऐकून घ्यायची तयारी ठेवायची. या शिस्तीत वाढलेली मुलगी गप्प बसते ती आदराने. तुझ्या प्रोफेसरांना मात्र तुझ्या गप्प बसण्यातला आदर दिसत नाही. त्यांना दोनपैकी एक दिसतं: हिला सगळं कळलंय, किंवा हिला यात रस नाही. तिसरा पर्याय त्यांच्या मनात येतच नाही. तुला आदर सोडायचा नाहीये. तो दाखवायची तिथली रीत शिकायची आहे, आणि तिथे तो प्रश्न विचारून दाखवतात.

इरावती कर्वे तुला शाळेच्या मराठीच्या पुस्तकामुळे माहीत असतील. 1920 च्या दशकाच्या अखेरीस त्या पुण्याहून बर्लिनला मानवशास्त्रात पीएचडी करायला गेल्या. मार्गदर्शक होते ऑयगेन फिशर, त्या काळचं मोठं प्रस्थ आणि पुढे नाझींच्या वंशवादाला शास्त्राचा टेकू देणारा माणूस. माणसाच्या कवटीच्या डाव्या-उजव्या बाजू तंतोतंत सारख्या नसतात, या असमानतेचा वंशाशी संबंध आहे का, हा विषय होता. संबंध आहे असं गुरूंचं मत. विशीतल्या इरावतीबाईंनी कवट्या मोजल्या, आकड्यांतून तसा संबंध दिसेना, आणि त्यांनी प्रबंधात तसंच लिहिलं. पदवीही मिळाली. परक्या देशात, परक्या भाषेत, एवढ्या मोठ्या माणसाच्या मताविरुद्ध लिहायला काय धैर्य लागलं असेल, याचा विचार आला की आजही मला भरून येतं. तुला एवढं मोठं काही करायचं नाही. तुला फक्त ‘मला हे कळलं नाही’ एवढंच म्हणायचं आहे.

ते म्हणायचं कसं तेही सांगते, कारण ‘धीट हो’ म्हणून कुणी धीट होत नाही. नुसतं ‘कळलं नाही’ म्हणू नकोस, कुठपर्यंत कळलं ते सांग. ‘सीमेवरच्या अटी कशा लावल्या ते कळलं, पण मेश इथे बारीक का केली ते कळलं नाही.’ असा प्रश्न विचारणाऱ्याला तिथे कुणी मूर्ख समजत नाही. कामाच्या बाबतीत: ‘हे मी करेन, पण हे सॉफ्टवेअर मला शिकावं लागेल, म्हणून बुधवारी होणार नाही, पुढच्या सोमवारी देते.’ किंवा सरळ, ‘हे मला येत नाही, दुसरा भाग द्या.’ ही वाक्यं खोलीत मोठ्याने म्हणून बघ. पहिल्यांदा जीभ अडखळेल. मोठ्या लेक्चरमध्ये दोनशे मुलांसमोर हात वर करायची सक्ती स्वतःवर करूच नकोस. सुरुवात युबुंगच्या तासाला कर. गणितं सोडवायचा तो छोटा वर्ग असतो, शिकवणारा बहुतेकदा तुझ्याहून दोन-चार वर्षांनीच मोठा असतो, आणि तो तास प्रश्नांसाठीच ठेवलेला असतो. दर तासाला एक प्रश्न. आदल्या दिवशी कागदावर लिहून ने.

आता ती आकृती. ‘या आकृतीतून मला काहीच कळत नाही.’ आपल्याकडे व्हायव्हाला बाहेरचे परीक्षक असं म्हणाले की समजायचं, आज आपली शोभा झाली. तिथे ते वाक्य आकृतीबद्दल असतं. तू किती हुशार, कुठल्या गावची, याच्याशी त्याचा संबंध नसतो. पुढच्या मुलाच्या आकृतीलाही ते हेच म्हणाले असते, आणि तो जर्मन असता तरी म्हणाले असते. गोड बोलून चूक झाकणं त्यांना अप्रामाणिकपणा वाटतो. ते ऐकायला कठोर लागतं, हे मी नाकारत नाही, सवय व्हायला मला वर्ष लागलं. पण जे आपल्या कामावर मिनिटभरही थांबत नाहीत त्यांच्यापेक्षा हे प्रोफेसर तुझ्या कितीतरी जास्त उपयोगाचे आहेत.

त्यांना जाऊन भेट. दर आठवड्याला त्यांची भेटीची ठरलेली वेळ असते, श्प्रेखश्टुंड. आधी ईमेल कर, आणि तो आपल्याकडच्या ‘रिस्पेक्टेड सर, आय अ‍ॅम युअर ओबिडियंट स्टुडंट’ छापाचा नको. चार ओळी पुरेत. मी अमुक सेमिनारला होते, माझा विषय हा होता. तुम्ही आकृतीबद्दल जे म्हणालात ते मला सुधारायचं आहे. सुधारलेली आकृती सोबत जोडली आहे. येत्या मंगळवारी तुमच्या भेटीच्या वेळेत दहा मिनिटं मिळतील का? दारात उभी राहून ‘सर, डिस्टर्ब तर नाही ना केलं’ म्हणत बसू नकोस. वेळेवर जा, बस, आकृती पुढे ठेव, विचार. दहा मिनिटांत ऊठ, आभार मान. एवढं केलंस की पुढच्या वेळी त्यांना तुझं नाव माहीत असेल.

कॉफीची गोष्ट वाचून तर मला फार वाईट वाटलं, कारण ती अगदी आपली आहे. आपल्याकडे पहिल्यांदा नको म्हणायचं असतं. समोरच्याने आग्रह करायचा, आपण पुन्हा नको म्हणायचं, मग तिसऱ्यांदा ‘बरं, अर्धाच कप’. न आग्रह करणारं घर आपल्याला कोरडं वाटतं. जर्मन माणूस एकदाच विचारतो. तू नको म्हणालीस की तो तुझ्या नको चा मान राखतो. पुन्हा विचारणं म्हणजे तुझ्यावर जबरदस्ती, असं त्याला वाटतं. तू तिसऱ्या आग्रहाची वाट बघत बसलीस, आणि ते समजून चालले की हिला आपल्याबरोबर यायला आवडत नाही. त्यांनी तुला टाळलं नाही गं. दोन्ही बाजू आपापल्या परीने सभ्य वागत होत्या.

आता पहिलं पाऊल तुला टाकावं लागेल. आणि ‘भेटू या कधीतरी’ असं मोघम नको, त्याचं तिथे काहीच होत नाही. ‘गुरुवारी बाराला मेन्झात जेवायला येतेस का?’ असं वार-वेळ घेऊन विचार. मेन्झा, म्हणजे विद्यापीठाची खानावळ, ही मैत्री जुळायची जागा आहे. तिथलं जेवण तुला रुचत नसेल तर पोळी-भाजीचा डबा घेऊन जा आणि त्यांच्या टेबलावर उघड. खोलीत एकटीने खाऊ नकोस. त्या गटातल्या एकालाच, ज्याने ‘आधी सांगायचंस ना’ म्हटलं त्यालाच विचार. तो बोलला म्हणजे त्याला काहीतरी वाटलं. त्याला सांग की मला ते सॉफ्टवेअर येत नव्हतं आणि मी सांगायला घाबरले. मला वाटतं तो ऐकून घेईल. आपसात जर्मन सुरू झालं की ‘इंग्रजीत बोलाल का?’ म्हण. ते लगेच बदलतील आणि पाच मिनिटांत पुन्हा विसरतील. पुन्हा म्हण. त्यात राग धरण्यासारखं काही नाही, आपणही चौघी जमलो की हैदराबादच्या मुलीला विसरून मराठीत सुटतोच.

त्या चौघींबद्दल. ‘आपल्या लोकांत राहू नका, तिथल्यांत मिसळा’ असा सल्ला तुला शंभर जण देतील, मी देणार नाही. थंडीत, दुपारी साडेचारला अंधार पडणाऱ्या देशात, कुकरच्या शिट्टीने आणि फोडणीच्या वासाने माणूस उभं राहतं. तो मजला सांभाळ. फक्त आठवड्यातल्या दोन संध्याकाळी त्यांच्याशिवाय घालव. एक विद्यापीठाच्या भाषाकेंद्रातल्या जर्मनच्या वर्गात, तो बहुतेक ठिकाणी विद्यार्थ्यांना फुकट किंवा अगदी कमी पैशांत असतो. शिकवणं इंग्रजीत असलं तरी बेकरी, डॉक्टर, घरमालक आणि पुढे नोकरी, सगळं जर्मनमध्ये आहे. दुसरी संध्याकाळ टँडेमसाठी: तू जोडीदाराला इंग्रजी किंवा हिंदी शिकवायची, त्याने तुला जर्मन. भाषाकेंद्रात जोडीदाराची विचारणा कर.

ट्राममधला माणूस. अगं, तो सांस्कृतिक फरक नव्हता. तो वंशद्वेष होता, आणि तो समजून घेण्याची जबाबदारी तुझी मुळीच नाही. वरचं सगळं वाचून तू ‘म्हणजे याही वेळी माझंच काहीतरी चुकलं असेल’ असं मनात आणशील, म्हणून मुद्दाम सांगते. पुन्हा असं झालं तर वाद घालू नकोस, चालकाच्या जवळ जा, किंवा एखाद्याच माणसाकडे बघून ‘तुम्ही, हिरव्या जाकिटातले, माझ्याबरोबर उभे राहाल का?’ म्हण. गर्दीला उद्देशून मदत मागितली की कुणीच पुढे येत नाही, एकाला निवडून मागितली की बहुधा तो येतो. अंगावर धावून आला तर 110 ला, म्हणजे पोलिसांना, फोन. झालेला प्रसंग, तारीख, ट्रामचा नंबर, वेळ लिहून ठेव आणि विद्यापीठाच्या इंटरनॅशनल ऑफिसला कळव. भेदभावाच्या तक्रारी कुठे करायच्या ते तेच सांगतील. गटाबद्दलही एक कसोटी देते. यापुढे तू स्पष्ट बोललीस, वेळेवर काम दिलंस, आणि तरी ते तुला बाजूला टाकत राहिले, तर तो गैरसमज नाही. मग सरळ कोर्स बघणाऱ्या असिस्टंटकडे जा.

आता गुण. 2.7 आणि 3.7 हे पास आहेत, पासाची रेषा 4.0 ला असते. 5.0 चा पेपर पुन्हा द्यावा लागेल, आणि इथे तू जागी राहायला हवंस. बहुतेक विद्यापीठांत एका पेपरला तीनच संधी असतात. तिसऱ्यांदा नापास झालं की त्या अभ्यासक्रमातून नाव काढतात, आणि तोच अभ्यासक्रम देशात दुसरीकडेही घेता येत नाही. आपल्याकडे एटीकेटी लागली की पुढे बघू म्हणतात, तशी सवड तिथे नाही. आजच तुझ्या अभ्यासक्रमाची परीक्षा-नियमावली डाउनलोड कर, प्रुफुंग्सऑर्डनुंग म्हणतात ती. संधी किती, नाव कधीपर्यंत नोंदवायचं, कधीपर्यंत मागे घेता येतं, नापास झाल्यावर पुढची नोंदणी आपोआप होते का, हे चार मुद्दे त्यात शोध आणि भिंतीवर लाव.

मग आइनझिख्ट. आपली तपासलेली उत्तरपत्रिका बघायचा दिवस. त्याची तारीख जाहीर होते, नाव द्यायचं असतं, एका खोलीत थोडा वेळ तुझा पेपर तुझ्या हातात देतात, आणि तपासणाऱ्याला विचारता येतं की इथे गुण का कापले. आपली मुलं तिथे फिरकत नाहीत. ‘कशाला वाद घालायचा’ म्हणतात. तिथे तो वाद धरत नाहीत, तो तुझा हक्क आहे. नापास पेपराची आइनझिख्ट चुकवू नकोस. गुण वाढतील म्हणून जाऊ नकोस, कधी वाढतात, बहुतेकदा नाही. नेमकं कुठे घसरलीस ते बघायला जा. मला शंका आहे की तुला विषय येत होता आणि पेपराची धाटणी माहीत नव्हती. आपल्याकडे टर्मवर्क, इंटर्नल, ओरल मिळून मुलगी तरून जाते. तिथे बहुतेक विषयांत सगळं सेमिस्टर एका परीक्षेवर असतं. विद्यार्थी संघटनेच्या खोलीत, फाखशाफ्टमध्ये, मागच्या वर्षांचे पेपर मिळतात. जाऊन माग. ते घड्याळ लावून सोडवायचे, नुसते वाचायचे नाहीत.

पैशासाठी कुठे काम करत असशील तर परीक्षेच्या दोन महिन्यांत ते कमी कर. कायद्याने वर्षाला 140 पूर्ण दिवस चालतात, पण कायदा परवानगी देतो म्हणून शरीर देतं असं नाही.

रडू येतं, झोप लागत नाही, सकाळी उठवत नाही, असं दोन आठवड्यांहून जास्त चाललं असेल तर श्टुडिएरेंडनवेर्कच्या समुपदेशनाला वेळ घे. तेच मेन्झा चालवतात, होस्टेलं बघतात, आणि त्यांच्याकडे मानसिक समुपदेशनही असतं, बऱ्याच ठिकाणी इंग्रजीतून. तिथलं बोलणं बाहेर जात नाही, व्हिसावर कसला शिक्का बसत नाही. वाट बघायची यादी असते, म्हणून लवकर नाव दे.

परत येऊ का, असं विचारलंस. आत्ता ठरवू नकोस. तू अंधारातला, थंडीतला, पहिला निकाल हातात आलेला महिना बघून ठरवते आहेस. उन्हाळ्याच्या सेमिस्टरची परीक्षा उन्हाळ्याच्या अखेरीपर्यंत होईल. तोवर वरचं सगळं करून बघ: दर तासाला एक प्रश्न, प्रोफेसरांची एक भेट, मेन्झात एक टेबल, जुने पेपर. तेव्हाही नको वाटलं तर ये. परत येणाऱ्या मुलीला मी हरलेली म्हणणार नाही, आणि तुझ्या घरचे म्हणणार नाहीत असं तुझ्या पत्रावरून वाटतं. पण येशील ती प्रयत्न करून ये. फक्त फोन टाळता टाळता कंटाळून येऊ नकोस.

कारण खरं ओझं त्या फोनचं आहे. प्रोफेसरांपुढे गप्प, गटापुढे गप्प, आणि आता बाबांपुढेही गप्प. पेढ्यांचा बॉक्स समोर आला तेव्हा तुझ्या तोंडून शब्द फुटला नाही, हे मला अगदी समजतं. कुणाला फुटला असता? त्या दिवशी गप्प बसलीस यासाठी स्वतःला मारत बसू नकोस. पण त्याला आता किती आठवडे झाले? रोज एक दिवस गेला की सांगणं एका दिवसाने अवघड होतंय. आणि तिकडे बाबा गल्लीतल्या लोकांना तुझं कौतुक सांगतायत, त्यांना कधीतरी दुसऱ्याच कुणाकडून कळलं तर ते गुणांपेक्षा त्या लपवण्याने दुखावतील.

त्यांना समजावणं तुला वाटतं त्याहून सोपं आहे, कारण तुझे बाबा हळदीतले आहेत. आयुष्य एक नंबर, दोन नंबर माल वेगळा करण्यात गेलं त्यांचं. त्यांना चारपैकी किती, दहापैकी किती, असलं काही सांगू नकोस. म्हण, ‘बाबा, इथले गुण हळदीच्या प्रतीसारखे असतात. एक नंबर सगळ्यात भारी. मी तुम्हाला 3.7 सांगितले ते वरून चौथ्या प्रतीच्या जवळचे आहेत. पास आहे, पण भारी नाही. तुम्ही पेढे वाटलेत तेव्हा मला सांगायला हवं होतं. माझा धीर झाला नाही.’ एवढं बोलून थांब. त्यानंतर ते काही क्षण बोलणार नाहीत. तो वेळ भरायला जाऊ नकोस, रडू आलं तर येऊ दे. माझा अंदाज आहे, ते पहिलं विचारतील ते गुणांबद्दल नसेल. ‘जेवतेस ना नीट?’ असं काहीतरी असेल. तेव्हा मात्र ‘हो’ म्हणून सुटू नकोस. नीट जेवत नसशील तर नाही म्हण.

गल्लीचं काय करायचं ते त्यांच्यावर सोड. ते गल्लीत तुझ्याहून जास्त वर्षं राहिलेत.

मार्चअखेर तिकडची घड्याळं तासभर पुढे गेली, तेव्हापासून तुझ्या आणि सांगलीच्या मध्ये साडेतीनच तास उरलेत. तुझ्याकडे संध्याकाळचे पाच म्हणजे त्यांच्याकडे रात्रीचे साडेआठ. पेढी बंद झालेली असते, जेवणं आटपत आलेली असतात. व्हिडिओ नको, साधा फोन कर, चेहरा दिसला की दोघांनाही बोलणं जड जाईल. आईला मध्ये घालू नकोस, बाबांनाच माग. आणि 5.0 चंही त्याच फोनवर सांग. पुढच्या फोनसाठी ठेवू नकोस.